मद्यार्कानंतर उरणारा मक्याचा कस

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूर परिसरात केळी व कापसाबरोबर मकाही घेतला जातो. पेट्रोलमध्ये मिसळावयाचे इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, बनविण्यासाठी देशात मक्याचा वापर अलीकडे वाढला आहे. मद्यार्क काढल्यावर मक्याचे काय उरते, हे शेतकरी बंधूंनी समजून घेणे हिताचे आहे.

मक्यात सुमारे ७० टक्के पिष्टमय पदार्थ असतात. आंबविताना त्यांचाच मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू होतो. प्रथिने, स्निग्धांश, स्फुरद व पालाश मागे राहतात. हा गाळ पिळून व वाळवून ‘डीडीजीएस’ हे पशुखाद्य तयार होते. १०० किलो मक्यापासून ते सुमारे ३० किलो मिळते. त्यामुळे मूळची ८ ते १० टक्के प्रथिने त्यात २५ ते ३० टक्के होतात. आंबविण्याने स्फुरदही कोंबड्यांना अधिक पचते.

तथापि, बुरशी लागलेल्या दाण्यातील अफ्लाटॉक्सिन हे विषही याच हिशेबाने सुमारे तिप्पट होते व त्याचा अंश गाई-म्हशींच्या दुधात उतरतो. सबब, मका १४ टक्क्यांहून कमी ओलावा राहीपर्यंत वाळवूनच साठवावा. हे खाद्य खाणाऱ्या जनावरांचे शेण व मूत्र शेतात परत घालावे. मक्याने जमिनीतून उचललेले स्फुरद व पालाश त्यातूनच परत मिळते.