देवगिरी दाखवताना

छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याकडे पाहुणा आला की वेरूळच्या वाटेवर त्याला देवगिरी दाखवावाच लागतो. दौलताबाद म्हणा, देवगिरी म्हणा, पायऱ्या तेवढ्याच. माझ्या किती खेपा झाल्या ते मोजणं मी कधीच सोडलं. त्यातून जे अंगी लागलं ते असं:

1. किल्ला तिकिटाच्या खिडकीआधीच सुरू होतो. डांबरी रस्ताच अंबरकोटाच्या दरवाजातून जातो. तिथे एसटी अडकली की सगळे हॉर्न वाजवतात, कमानीकडे मान वर करून कुणी बघत नाही. अंबरकोट, आत महाकोट, त्याच्या आत कालाकोट. गाडी अडकली की मी हल्ली खूशच होतो.

2. इथे बांधलेल्यापेक्षा तासून काढलेलं मोठं आहे. डोंगराची उंची सुमारे 200 मीटर. त्याची खालची उतरण यादवांच्या काळात छिन्नीने तासली आणि सुमारे 50 मीटरचा सरळसोट कडा उभा राहिला. पायथ्याचा खंदकही कातळातलाच. माझा एक मामेभाऊ सह्याद्रीतले सुळके चढणारा, पाच मिनिटं कड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, इथे घोरपडसुद्धा घसरेल."

3. अंधारीत शिरल्याबरोबर मोबाइलचा दिवा लावू नये. आधी दहा पावलं तशीच चालावीत. कातळातून वळणं घेत वर जाणारा हा बोगदा आहे. पायऱ्या एकसारख्या नाहीत, वटवाघळांचा वास नाकात बसतो आणि बरोबरचा माणूस कुठल्या हाताला आहे ते कळेनासं होतं. वरचं तोंड लोखंडी झाकणाने बंद करून तिथे आग पेटवायची सोय होती. धूर खाली, शत्रूच्या डोळ्यांत. खंदकावरून यायला वाट एवढीच. आमच्या वहिनी दहाव्या पावलाला ओरडल्या, "लावा हो दिवा!"

4. मेंढा तोफेजवळ पाहुण्यांना फोटो काढू द्यावेत, मध्ये बोलू नये. तोफेच्या मागच्या टोकाचं मेंढ्याचं मुंडकं सगळ्यांना आवडतं. त्यापुढे औरंगजेबाच्या नावाचा लेख कोण वाचतो? शेजारच्या चिनी महालात मात्र थांबवावं. 1687मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला सुलतान अबुल हसन तानाशाह इथे कैदेत आला. भिंतीवर निळ्या-पांढऱ्या फरशांचे थोडे तुकडे उरलेत.

5. पाणी आणि खाणं घेतल्याशिवाय चढू नये. हे मी भर मे महिन्यात शिकलो. एकच बाटली होती, ती अंधारीच्या आधीच संपली. वरचा बारादरी महाल समोर दिसत असताना पोरांनी बसकण मारली आणि आम्ही परत फिरलो.

खाली उतरताना आठवलं, की हा गड कडा चढून कुणी घेतलाच नाही. 1296मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक आला तेव्हा यादव राजा रामदेवरायाचं मोठं सैन्य त्याचा मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होतं. घाईने गडावर चढवलेली पोती धान्याची नव्हे, मिठाची निघाली, अशी कथा सांगतात. 1633मध्ये मुघल सरदार महाबतखानाने वेढा घातला. खालच्या तटांना सुरुंग लागले, पण वरचा गड उभाच होता. आत उपासमार झाली आणि निजामशाहीच्या मलिक अंबरचा मुलगा फतेहखान याने किल्ला सोडून दिला. एवढा डोंगर तासणाऱ्यांचं घोडं अडलं ते कोठारापाशी! तुघलकाने 1327मध्ये दिल्लीची राजधानी इथे आणली त्यावर पाहुणे हमखास हसतात. मला मात्र हल्ली त्या मिठाच्या पोत्यांचंच जास्त वाटतं.

6. सीताफळं चढतानाच घ्यावीत. दरवाजासमोर टोपली घेऊन बसणारी आजी सकाळी भाव सांगते तो एक, आणि दुपारी उतरणाऱ्याचं सुकलेलं तोंड बघून सांगते तो दुसरा.