पाना घासण्याआधी

तेलीबांधा, रायपूर

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आजोबांची हत्यारांची पेटी तू माळ्यावरून खाली काढलीस आणि तिच्यात भर घालायला भंगारवाल्यांकडे फिरू लागलास, हे वाचून फार आनंद झाला. आपल्या घरांत पोथ्या जपल्या जातात, तांब्याची भांडी जपली जातात. मिस्त्री गेला की त्याची हत्यारं मात्र किलोच्या भावानं विकली जातात. निदान एका घरात तरी तू ते थांबवलंस.

पण फोटोतला तो दुतोंडी पाना तू ग्राइंडरला तारेचं चाक लावून लखलखीत केलास आणि मग विचारतोस, ‘मामा, हा कोणत्या सालचा?’ बाळा, त्याचं बरंचसं उत्तर त्या चाकाखाली उडून गेलं. यापुढे हत्यार हाती आलं की आधी वाच, मग पूस. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे. बाकी पत्रात ते वाचायचं कसं ते लिहितो.

सुरुवात तोंडावरच्या आकड्यापासून कर. तुझ्या पान्यावर ‘1/4 डब्ल्यू’ आहे आणि तोंड मोजलं तर अर्ध्या इंचाहून किंचित जास्त भरतं, म्हणून तू गोंधळलास. तो आकडा तोंडाचा नाहीच. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये इंग्लंडात आट्यांचं प्रमाण ठरवलं, आट्याचा कोन 55 अंशांचा; आणि त्या पद्धतीत पान्यावर बोल्टच्या दांड्याची जाडी लिहायची रीत पडली. आपले मिस्त्री ज्याला दोन सुताचा बोल्ट म्हणतात त्याचा हा पाना, तोंड 0.525 इंचाचं. त्याच तोंडावर शेजारी ‘5/16 बी.एस.’ असंही दिसत असेल, तर तो बारीक आट्यांच्या बी.एस.एफ. प्रमाणाचा उल्लेख आहे. ते प्रमाण 1908 चं, तेव्हा पाना त्याच्या आधीचा असू शकत नाही. पुढे 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून एकच आटे स्वीकारले. त्यानंतर इंग्रजी पान्यांवर ‘ए.एफ.’ ही अक्षरं रुळली. तिथला आकडा मात्र खरोखर तोंडाच्या रुंदीचा.

आता आपल्या भागाचं भाग्य बघ. रायपुरात या सगळ्या पद्धती एकमेकींवर येऊन पडल्या आहेत. बंगाल नागपूर रेल्वेबरोबर व्हिटवर्थ आला. जीपगाड्यांबरोबर अमेरिकी इंच आले. टाटा-मर्सिडीजचे ट्रक 1954 पासून बनू लागले आणि नागपूर-कलकत्ता मार्गावर, म्हणजे आपल्या या जीई रोडवर, मिलिमीटरचे बोल्ट धावू लागले. देशाचा मेट्रिक मापांचा कायदा त्यानंतर, 1956 चा. मग भिलाई. करार 1955 चा, पहिली झोतभट्टी फेब्रुवारी 1959 मध्ये सुरू झाली, आणि रशियन यंत्रांमागून रशियन हत्यारंही आली. इथल्या भंगारात रशियन लिपीतला पाना सापडला तर नवल करू नकोस. काहींवर किंमतसुद्धा कोपेकमध्ये पोलादातच ठोकलेली असते. पाच कोनांचं गुणवत्तेचं चिन्ह असेल तर तो 1967 नंतरचा, कारण सोव्हिएत सरकारनं ते चिन्ह त्या वर्षी आणलं.

रेल्वेचे शिक्के तर तारखेला सर्वांत सोयीचे. ‘बी.एन.आर.’ असेल तर 1887 ते 1952 च्या दरम्यानचा ठसा. कंपनीची रेल्वे 1944 मध्ये सरकारनं घेतली, पण नाव तेच राहिलं. 1952 पासून ‘ई.आर.’, ऑगस्ट 1955 पासून ‘एस.ई.आर.’, आणि एप्रिल 2003 पासून आपला भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. तेलीबांध्याला धमतरीच्या अडीच फुटी गाडीचं स्टेशन होतं, ते तुला आठवत असेल. आता त्या रुळांच्या जागी एक्स्प्रेसवे आहे. त्या छोट्या रेल्वेची हत्यारं कुठे गेली याचा विचार मी नेहमी करतो. पण लक्षात ठेव, शिक्का मालकाचा असतो, कारखान्याचा नव्हे. हत्यार शिक्क्याहून जुनं असू शकतं. एकाच पान्यावर दोन रेल्वेंचे शिक्के मिळाले तर दोन्ही टिपून ठेव, एकही खोटा समजू नकोस.

इंग्रजी लष्कराचा तीन रेघांचा बाण आणि त्याच्याजवळ 1942 सारखं साल दिसलं, तर काम सोपं होतं. युद्धकाळातल्या पुष्कळ हत्यारांना क्रोमचा मुलामा नाही, कारण क्रोम तेव्हा टंचाईत होतं. त्याऐवजी काळपट किंवा मळकट राखाडी थर असतो. हा थर कॅडमियमचा असू शकतो आणि त्याची धूळ विषारी आहे, म्हणूनही ते तारेचं चाक बंद कर. उलट, चकचकीत क्रोमचा पाना कोणी ‘1910 चा आहे’ म्हणून विकू लागला तर हात जोडून पुढे निघ. क्रोमचा मुलामा धंद्यात आला तोच मुळी 1920 नंतर. तसंच फुलीच्या टोकाच्या पेचकसाचं, ज्याला आपण स्टार म्हणतो. फिलिप्सची ती पद्धत 1936 च्या सुमाराला वापरात आली.

अमेरिकी हत्यारावर पेटंटचा आकडा असेल तर तीन टप्पे पाठ कर: दहा लाखावं पेटंट 1911 चं, वीस लाखावं 1935 चं, तीस लाखावं 1961 चं. पण पेटंटचं साल म्हणजे हत्याराचं साल नव्हे. तोच साचा पुढे वीस वर्षं ठोकत राहतात. म्हणून वहीत कधीही एकच साल लिहू नकोस. ‘याच्या आधीचं नाही’ आणि ‘याच्या नंतरचं नाही’ असे दोन रकाने पाड, आणि प्रत्येकासमोर पुरावा लिही. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेला पाना 1949 ते 1990 मध्ये बसतो. त्याहून जवळ जाता आलं नाही तर तिथेच थांब. अंदाजाला साल म्हणून लिहिणं हा या छंदातला मोठा दोष आहे आणि तो चांगल्या चांगल्या माणसांत मी पाहिला आहे.

खोकी आणि चिठ्ठ्या फेकू नकोस. दुकानाच्या पत्त्यात ‘रायपूर, सी.पी.’ असेल तर साधारण 1950 च्या आधीचं, ‘एम.पी.’ असेल तर त्यानंतरचं, 2000 च्या नोव्हेंबरपर्यंतचं. सहा आकडी पिनकोड 1972 च्या 15 ऑगस्टला सुरू झाला. किंमत रुपये-आणे-पैत असेल, तर दशमान नाण्यांच्या, म्हणजे एप्रिल 1957 च्या आधीची. ‘नये पैसे’ असतील तर त्यानंतरच्या सात वर्षांतली. पेटीच्या तळाला पसरलेलं वर्तमानपत्रसुद्धा काढून टाकण्याआधी तारीख बघ.

देशी हत्यारांना कमी लेखू नकोस, ही माझी विनंती आहे. शेफील्डचं नाव दिसलं की तुझे डोळे चमकतात, ते मला पत्रातूनही कळलं. पण नाशिकच्या तापडियानं स्वीडिश सहकार्यानं 1969 मध्ये हत्यारं बनवायला घेतली, त्या पहिल्या काळातली पक्कड आज कोण जपतंय? जालंधरचे पाने, नागौरच्या हातोड्या आपल्या देशाच्या प्रत्येक गॅरेजमध्ये झिजल्या, म्हणूनच त्या उरल्या नाहीत. जे झिजून संपतं तेच आधी गोळा करायला हवं.

आणि त्याहून मोलाची ती हत्यारं, ज्यांच्यावर कोणाचंच नाव नाही. तुझ्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एक रिंग पाना आहे, मधेच तापवून वाकवलेला, दांडी अर्धी कापलेली. त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. मला विचारशील तर त्या पेटीतली सर्वांत मोठी वस्तू तीच. कोणत्या तरी इंजिनात सरळ पाना पोचत नव्हता, तेव्हा आजोबांनी भात्यावर तापवून तो त्या एका बोल्टसाठी घडवला. तो बोल्ट कोणत्या गाडीचा हे कळलं तर त्या गाडीच्या सालाआधी हा पाना वाकवलेला नाही, हेही कळेल. तसेच कमानीच्या पाट्यातून बनवलेली छिन्नी, जुनी कानस घासून केलेला स्क्रेपर, दांड्यावर पंचाच्या ठिपक्यांनी काढलेली आद्याक्षरं. यांचं साल पोलादावर सापडत नाही, माणसांकडे सापडतं. आजोबांबरोबर काम केलेले मिस्त्री अजून आहेत; म्हातारे झालेत. त्यांच्याकडे पेटी घेऊन जा, हत्यार त्यांच्या हातात दे आणि गप्प बस. हाताला जे आठवतं ते ते सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे. पुढच्या महिन्यावर टाकू नकोस.

साफसफाईचं थोडक्यात. आधी जसंच्या तसं फोटो काढ. मग रॉकेल आणि पितळी ब्रश, एवढंच. अक्षरं वाचता येत नसतील तर त्यांत खडू घास आणि उजेड बाजूनं तिरपा पाड. गंज निघाला की मशीनच्या तेलाचा पातळ हात दे. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलंस तर आतल्या आत गंजेल. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललेलं असेल तर ते तसंच ठेव, तो तिच्या कामाचा पुरावा आहे. पण अशा छिन्नीवर हातोडी मारू नकोस, कपचा उडून डोळा जातो. आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना मी हे रोज सांगत असे.

शेवटची गोष्ट व्यवहाराची, पण टाळता येणार नाही अशी. रेल्वेचा शिक्का असलेली वस्तू घेताना ती लिलावातून आल्याचा कागद मागायचाच. रेल्वे मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल 1966 चा कायदा आहे, आणि संशय आला तर वस्तू रीतसर मिळाली हे ताबा असणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. कागद नसेल तर फोटो आणि मापं टिपून घे, वस्तू तिथेच राहू दे. दिवाळीत येशील तेव्हा वही घेऊन ये. त्या वाकवलेल्या पान्याचं तोंड मात्र व्हर्निअरनं मोजून मला आधी कळव. मिलिमीटरमध्ये पूर्ण आकडा आला तर आपण टाटा-मर्सिडीजपासून शोध सुरू करू.

ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा