एजंटला पैसे देण्याआधी

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगची पदविका) झाले असून वाशीमला खासगी दवाखान्यात काम करते. जर्मनीला जायचे आहे. एजंट ‘भाषा तिकडे गेल्यावर शिका’ म्हणतो. खरे आहे का?
– एक वाचक, रिसोड

उत्तर : अजिबात नाही. तिथे पूर्ण नर्स म्हणून नोंदणी व्हायला साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन लागते. शून्यापासून तिथवर पोचायला, रोज नेटाने अभ्यास केला तरी, वर्षभर धरून चाला. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन वर्गही आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याची सद्यःस्थिती जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारा. पण त्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका.

जीएनएमला तिथे बहुधा थेट मान्यता मिळत नाही. काही महिने सहायक म्हणून, कमी पगारात काम करायचे आणि पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा द्यायची. रुग्णाला अंघोळ घालणे, भरवणे हे तिथे नर्सचेच काम. नातेवाईक उशाशी नसतात. आपल्याकडच्या मुली इथेच गडबडतात.

कागद आत्ताच काढून बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत वडिलांचे नाव गायब, असे असेल तर आधी ते दुरुस्त करा, मगच पुढची प्रक्रिया.

आणि एजंट? चांगल्या भरतीत खर्च जर्मन मालक उचलतो. लाखोंची आगाऊ रक्कम मागणाऱ्याचे नाव ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत आहे का, ते आज संध्याकाळीच तपासा.