कर्कश ध्वनी आणि समकारी

बंगळूरमधील बसवनगुडी ही वसाहत १८९८ सालच्या प्लेगनंतर वसविण्यात आली. तेथील जुन्या घरांत गुळगुळीत तांबडी जमीन व गिलावा केलेल्या भिंती आढळतात. अशा मोकळ्या दिवाणखान्यात स्टीरिओवर व्हायोलिनची ध्वनिमुद्रिका लावली, तर वरचे स्वर पुष्कळदा कानाला टोचतात. या कर्कशपणाचे कारण काय आणि त्यावर उपाय कोणता?

वाद्याचा स्वर कधीच एकटा नसतो. मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. गजाने वाजणाऱ्या तारेच्या कंपनांचे विवेचन चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९१८ साली प्रसिद्ध केले. पुढे १९३३ साली ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. मूळ स्वर व उपस्वर यांचे प्रमाण बिघडले, की नाद रुक्ष किंवा तीक्ष्ण वाटू लागतो.

यात कानाचाही वाटा असतो. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून आतल्या टोकास पडद्याने बंद असते. त्यामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे ध्वनी तिच्यात अनुनादाने प्रबळ होतात. नेमका हाच भाग कठीण पृष्ठभागावरून परावर्तित होऊन पुन्हा कानावर आला, म्हणजे तो असह्य होतो.

उपस्वरांचे प्रमाण सुधारण्याचे साधन म्हणजे इक्वलायझर, अर्थात समकारी होय. लांब टेलिफोनच्या तारांत उच्च कंपनसंख्येचे ध्वनी अधिक क्षीण होत. ती तूट भरून प्रमाण सम करणाऱ्या विद्युत्‌मंडलावरून हे नाव रूढ झाले. घरगुती समकारीत बहुधा दहा सरकत्या कळा असतात. एकीपासून दुसरीची कंपनसंख्या सुमारे दुप्पट असते : ३१, ६३, १२५ अशा क्रमाने १६,००० हर्ट्झपर्यंत.

प्रयोग असा करावा. सर्व कळा शून्यावर ठेवून परिचित ध्वनिमुद्रिका नेहमीच्या आवाजात लावावी. ४,००० हर्ट्झची कळ ३ डेसिबल खाली आणावी. एवढ्याने त्या पट्ट्यातील शक्ती निम्मी होते. फरक ऐकून कळ पूर्ववत करावी आणि २,००० व ८,००० हर्ट्झच्या कळांची याच रीतीने परीक्षा घ्यावी. जिने टोचणी कमी होईल, तीच कळ खाली ठेवावी. इतर कळा वर चढवून तोल साधू नये. त्याने प्रवर्धकावर भार पडून ध्वनी विकृत होण्याचा संभव असतो.

तथापि समकारी केवळ प्रमाण बदलतो. विकृतीमुळे नव्याने उत्पन्न झालेले उपस्वर त्याला वेगळे काढता येत नाहीत, की खोलीत रेंगाळणारा ध्वनी लवकर शमविता येत नाही. वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्ड विद्यापीठात १८९५ पासून केलेल्या प्रयोगांत बैठकीच्या गाद्या आत आणून सभागृहातील निनाद मोजला आणि मऊ वस्तू ध्वनी शोषतात हे आकड्यांनी दाखविले. यास्तव आधी जमिनीवर जाड सतरंजी व भिंतीवर पडदा, नंतर समकारी, हाच योग्य क्रम होय.

कळ फार खाली नेली, तर टोचणीबरोबर गजाची धारही नाहीशी होते. म्हणून ध्वनिवर्धकाविना जवळून ऐकलेले व्हायोलिन स्मरणात ठेवावे. समकारीची खरी कसोटी तेच होय.