रात्रीत बदललेला फोन

आमच्या शेजारी एक वहिनी राहतात. घरी दोन म्हशी आहेत. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतात. एकुलती एक लेक तालुक्याच्या गावी दिलेली आहे.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा वहिनींना अक्षर येत नव्हते. तरी फोन चालवता येत होता. कसा? तर खुणांनी. हिरवी खूण बोटाने वर सरकवली की फोन घेता येतो. लाल खूण म्हणजे फोन बंद. पहिल्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात लेकीचा फोटो. त्यावर बोट ठेवले की लेकीला फोन लागतो. एवढे त्यांनी पाठ केले होते. एवढ्यावर चार वर्षे त्यांचे काम बिनबोभाट चालले होते.

लेकीचे दिवस भरत आले होते. वहिनी रात्री फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवीत. एके दिवशी संध्याकाळी फोनच्या पडद्यावर कसला तरी मजकूर आला. तो हलेना. वहिनींनी तो जावा म्हणून सगळ्यात मोठे बटण दाबले. मजकूर गेला. वहिनींना बरे वाटले. रात्री त्या झोपल्या असताना फोन आपोआप बंद झाला आणि पुन्हा सुरू झाला. सकाळी पाहतात तो पडद्यावरची चित्रे बदललेली. लेकीचा फोटो जागेवर नाही.

साडेपाचला फोन वाजला. वहिनींनी नेहमीप्रमाणे खूण वर सरकवली. फोन घेतला जाईना. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा तेच. वहिनी फोन हातात घेऊन धावत आमच्या दारी आल्या.

“गुरुजी, बघा हो. फोन वाजतोय, पन घेताच येईना!”

आम्ही चष्मा लावला. पण खरे सांगायचे तर आम्हीही शहाणे ठरलो नाही. आम्ही सवयीने बोट वर सरकवले. काही झाले नाही. मग घाईने आडवे सरकवले. ते उलट्या बाजूला गेले आणि फोन कटला. पुन्हा वाजला तेव्हा मात्र आम्ही बोट आवरले आणि आधी वाचले. पडद्यावर एका बाजूला ‘नकार द्या’ असे लिहिले होते. दुसऱ्या बाजूला ‘उत्तर द्या’ असे लिहिले होते.

फोन जावयाचा होता. “मामी, किती वेळ फोन करतोय! ऑपरेशन करावं लागणार म्हणतात डॉक्टर. ती तुमची वाट बघतीय. लवकर या.”

तोवर सहाची एस. टी. गेली होती. पुढची नऊला. वहिनी पोचल्या तेव्हा लेकीला आत नेलेले होते. नातू झाला. बाळबाळंतीण सुखरूप आहेत. पण आत जाताना लेकीला आईचा हात धरता आला नाही, हे वहिनी अजून बोलून दाखवतात.

परत आल्यावर त्या आम्हाला म्हणाल्या, “गुरुजी, फोन माझा. पैसे मी दुधाचे दिले. मग रातच्याला घरात शिरून चुलीची जागा कुणी बदलली?”

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण या धड्यात पाहू.

अपडेट म्हणजे काय?

फोनचे दोन भाग असतात. एक भाग हाताला लागतो. काच, बॅटरी, तारा वगैरे. दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे फोनला दिलेल्या हुकमांची यादी. बोट लागले की काय करायचे, घंटी कधी वाजवायची, अक्षर कसे काढायचे, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. या यादीला सॉफ्टवेअर म्हणतात.

ही यादी माणसेच लिहितात. माणसाच्या हातून चुका राहतात. मग कंपनी चुका दुरुस्त करून नवी यादी पाठवते. ती इंटरनेटवरून फोनमध्ये उतरते. जुनी यादी जाते, नवी येते. यालाच अपडेट म्हणतात.

अपडेट दोन ठिकाणी होते. एक, सबंध फोनचे. ते ‘सेटिंग’मध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ किंवा ‘सिस्टम अपडेट’ या नावाखाली असते. दुसरे, फोनमधल्या एकेका ॲपचे. अँड्रॉइड फोनमध्ये ते ‘प्ले स्टोअर’मधून होते. वहिनींच्या फोनचे झाले ते पहिल्या प्रकारचे.

अपडेट का लागते?

कोणी म्हणेल, “मग नकोच ते अपडेट. जुने ते सोने.” पण तसे म्हणून चालत नाही.

धान्याच्या कणगीला उंदराने भोक पाडले तर आपण ते शेणामातीने बुजवतो. आज नको, उद्या पाहू म्हटले तर धान्य जाते. सॉफ्टवेअरलाही अशी भोके राहून जातात. त्यातून चोर आत शिरतात. आपल्या फोनमध्ये आता पैसे आहेत, आधारचे कागद आहेत. म्हणून भोक बुजवणारे अपडेट घ्यावेच लागते.

एक खरी हकीकत सांगतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडले. जगातले पुष्कळ संगणक या सॉफ्टवेअरवर चालतात. कंपनीने २०१७ सालच्या मार्च महिन्यात ते भोक बुजवणारे अपडेट दिले. पुष्कळांनी ते घेतले नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा विषाणू त्याच भोकातून शिरला. संगणकाचा विषाणू म्हणजे रोगाचा जंतू नव्हे. तो चोरांनी लिहिलेली वाईट हुकमांची यादी असते. या विषाणूने सुमारे दीडशे देशांतले संगणक कुलूपबंद केले आणि कुलूप उघडण्यासाठी पैसे मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांचे हाल झाले. हजारो रोग्यांच्या ठरलेल्या तपासण्या आणि ऑपरेशने रद्द करावी लागली. ज्यांनी मार्चमधले अपडेट घेतले होते त्यांचे संगणक या भोकातून वाचले.

तेव्हा अपडेट औषधासारखे आहे. औषध कडू म्हणून टाकून देता येत नाही.

मग तक्रार कसली?

तक्रार अशी की, औषध देताना वैद्य रोग्याला सांगतो. हे कशाचे औषध, कधी घ्यायचे, घेतल्यावर चक्कर येईल का, हे सारे सांगतो. फोनची कंपनी पुष्कळदा हे सांगत नाही. सांगितले तरी बारीक अक्षरात आणि अवघड शब्दांत सांगते.

ही तक्रार फक्त आपल्या खेड्यातली नाही. मोठमोठ्या देशांतही ती झाली आहे.

ॲपल कंपनीच्या आयफोनची गोष्ट ऐका. बॅटरी जुनी झाली की काही आयफोन अचानक बंद पडत. २०१७ साली कंपनीने अपडेटमधून अशा फोनची चाल मंद केली. हेतू असा की फोन एकदम बंद पडू नये. पण गिऱ्हाइकाला हे नीट सांगितले नाही. लोकांना वाटले, फोनच म्हातारा झाला. काहींनी नवा घेतला. खरे तर पुष्कळांचे काम नुसती बॅटरी बदलून भागले असते. २०१७ च्या डिसेंबरात कंपनीने लोकांची माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. २०२० साली फ्रान्स देशात, गिऱ्हाइकांना माहिती दिली नाही म्हणून, कंपनीने अडीच कोटी युरो दंड भरला. युरो हे तिकडचे नाणे आहे.

इटली देशात २०१८ साली ॲपलला १ कोटी युरो आणि सॅमसंग कंपनीला ५० लाख युरो दंड झाला. कारण काय? जुन्या फोनला नवे अपडेट झेपत नव्हते. तरी ते घ्या घ्या म्हणून लोकांच्या मागे लकडा लावला. काय त्रास होईल ते सांगितले नाही. आणि अपडेट घेतल्यावर फोन पूर्ववत करण्याचा नीट मार्गही ठेवला नाही.

आपल्या देशातही २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात पुष्कळांना असा धक्का बसला. गुगल कंपनीचे ‘फोन’ नावाचे ॲप अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असते. त्या ॲपचे रूप बदलले. फोन आल्यावर दिसणारा पडदाही निराळा झाला. लोक म्हणाले, “आम्ही तर कशाला हात लावला नव्हता!” काहींना वाटले की फोनमध्ये चोर शिरला. चोर नव्हता. ॲपचे रूप कंपनीने आपल्याकडून बदलले होते.

आता नीट पाहा. भोक बुजवणे हे एक काम. चुलीची जागा बदलणे हे दुसरे काम. पहिले गरजेचे आहे. दुसरे मालकाला विचारून करायचे आहे. पण कंपन्या पुष्कळदा दोन्ही कामे एकाच गाठोड्यात बांधून देतात. घ्यायचे तर सगळे गाठोडे घ्या! वहिनींचा राग आहे तो यावर, आणि आमच्या मते तो बरोबर आहे.

आपण काय करावे?

कंपनी बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आपल्या हाती काय आहे ते करू.

१. वाचल्याशिवाय बटण दाबू नका. पडद्यावर मजकूर आला तर थांबा. शब्द जुळवून वाचा. ‘आता इंस्टॉल करा’ म्हणजे अपडेट आत्ताच बसवा. ‘नंतर’ म्हणजे मागाहून. काही फोनमध्ये ‘रात्री’ असेही असते. शब्द थोडे निराळे असतील, पण अर्थ हाच. मजकूर इंग्रजीत असेल तर जाणत्या माणसाला दाखवा. तोवर बटण दाबू नका.

२. वेळ आपण ठरवा. घरात आजारपण आहे, प्रवासाला निघायचे आहे, पैसे येणार-जाणार आहेत, अशा वेळी ‘नंतर’ दाबा. सवडीचा दिवस पाहून अपडेट करा. मात्र ‘नंतर’ म्हणून महिनेच्या महिने टाळू नका. ‘सुरक्षा अपडेट’ असे लिहिले असेल तर फार दिवस थांबू नका.

३. आधी तयारी करा. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. फोनमध्ये जागा हवी. सबंध फोनचे अपडेट कधी कधी एक जीबीहून मोठे असते. रोजचा डेटा त्यातच संपून जाईल. शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा नातलगाकडे वायफाय असेल तर विचारून तिथे करा. अपडेट चालू असताना फोन बंद करू नका.

४. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. लेक, मुलगा, डॉक्टर, शेजारी. कागद भिंतीला लावा. फोनमधले चित्र हलले तरी भिंतीवरचा कागद हलत नाही.

५. ॲपचे अपडेट आवरता येते. प्ले स्टोअर उघडा. वर कोपऱ्यात आपल्या नावाचे गोल चिन्ह असते, ते दाबा. ‘सेटिंग’मध्ये जा. तिथे ॲप आपोआप अपडेट करावे की नाही, की फक्त वायफायवर करावे, हे ठरवता येते. आपोआप बंद केलेत तर पंधरा दिवसांतून एकदा आपण होऊन पाहावे लागेल, हे विसरू नका.

६. खोट्या अपडेटपासून जपा. हे सर्वांत महत्त्वाचे. “तुमचे बँकेचे ॲप बंद होणार, हे नवे अपडेट घ्या” असा निरोप व्हॉट्सॲपवर येतो. सोबत लिंक किंवा फाइल असते. ती उघडू नका. खरे अपडेट फोनच्या सेटिंगमध्ये किंवा प्ले स्टोअरमध्येच येते. चुकून फसलात आणि पैसे गेले तर लाज धरू नका. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

७. तक्रार करा. अपडेटनंतर फोन बिघडला तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात जा. बिल जवळ ठेवा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मुकाट्याने नवा फोन घेऊ नका.

वहिनी आता काय करतात?

नातवाच्या बारशानंतर वहिनी रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. ‘ग’ गवताचा त्यांना फारसा नको होता. म्हणाल्या, “गुरुजी, मला आधी फोनातलं वाचाय शिकवा.” आम्ही फळ्यावर पहिले दोन शब्द लिहिले ते ‘उत्तर द्या’ आणि ‘नकार द्या’. ‘त्त’ आणि ‘द्य’ ही जोडाक्षरे त्यांना आठ दिवस छळत होती. पण आली.

मागच्या महिन्यात त्यांच्या फोनवर पुन्हा अपडेटचा मजकूर आला. या वेळी त्या धावत आल्या नाहीत. दूध घालून सावकाश आल्या. बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. “आ-ता इं-स्टॉ-ल क-रा. नं-त-र.” मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, “गुरुजी, ‘आता’ हाय, ‘नंतर’ हाय. ‘नको’ कुठं हाय?”

आम्ही पडदा वरून खालपर्यंत पाहिला. ‘नको’ कुठेच नव्हते.

“ते बटण नाही, वहिनी,” आम्ही म्हटले.

“असाय पायजे,” त्या म्हणाल्या. आणि रविवारी लेक नातवाला घेऊन येणार होती, म्हणून ‘नंतर’ दाबून घरी गेल्या. सोमवारी त्यांनी बॅटरी भरून घेतली, नंबरांचा कागद भिंतीला आहे की नाही ते पाहिले आणि मग आपल्या हाताने ‘आता’ दाबले.

प्रश्न

१. वहिनींना फोन का घेता आला नाही?
२. भोक बुजवणारे अपडेट आणि रूप बदलणारे अपडेट यांत फरक काय?
३. फ्रान्स आणि इटली या देशांत कंपन्यांना दंड का झाला?
४. आपल्या फोनमध्ये ‘सॉफ्टवेअर अपडेट’ हे शब्द शोधून काढा. नुसते वाचा, दाबू नका.
५. घरातल्या पाच माणसांचे नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा.