वाकलेली पाठ आणि आपली हाडे



संत लूकच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात एक स्त्री आपल्याला भेटते. अठरा वर्षे ती कमरेत वाकलेली होती. काही केल्या तिला सरळ उभे राहता येत नव्हते. प्रभू येशूने तिला सभास्थानात पाहिले, स्वतःहून जवळ बोलावले आणि तिच्यावर हात ठेवले. ती तत्काळ सरळ झाली. या उताऱ्यावरच्या प्रवचनात आपण बहुधा शब्बाथाच्या वादाविषयी ऐकतो. आज मात्र त्या बाईच्या पाठीकडे पाहू. तिने बरे करण्याची विनंती केल्याचे लूकने लिहिलेले नाही. अठरा वर्षांत तिला स्वतःला आणि इतरांनाही त्या पाठीची सवय होऊन गेली असावी.

आपल्याकडेही तसेच होते. एखाद्या आजीची पाठ वाकू लागते, साडी नेसताना काठ जमिनीला लागू लागतो, उंची दीड-दोन इंचांनी कमी होते, आणि आपण म्हणतो, "वय झालं आता." पुष्कळदा हे नुसते वय नसते. पाठीच्या कण्याचे मणके पोकळ होऊन एकेक करून दबलेले असतात. असा मणका दबताना दर वेळी मोठी कळ येतेच असे नाही. कंबर भरून आली म्हणून बाम लावला जातो आणि गोष्ट तिथेच राहते. हाडे ठिसूळ होण्याच्या या विकाराला डॉक्टर ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत तो बहुधा कळत नाही, हीच त्याची खोड.

हाड हे भिंतीतल्या विटेसारखे निर्जीव नाही. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नवे घडते. जुन्या घरातली धान्याची कणगी आठवा. जन्मापासून साधारण तिसाव्या वर्षापर्यंत ही कणगी भरत जाते. पुढे काही वर्षे जेवढे काढले तेवढे भरले जाते, आणि नंतर काढणे वाढते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी बंद झाल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत तर कणगीला खालून भोकच पडते. काहींच्या हाडांचा वीस टक्क्यांपर्यंतचा भाग एवढ्या काळात जातो. पुरुषांचीही हाडे झिजतात, पण सावकाश. सिगारेट-विडी आणि दारू असेल तर तीही लवकर.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे, जरी ती आपल्या पत्रकात सहसा येत नाही. खेड्यापाड्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायांची गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचे प्रमाण बरेच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि त्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी बंद झाल्यावर हाडांची जी झीज पन्नाशीनंतर सुरू व्हायची ती पस्तिशीतच सुरू होते. शस्त्रक्रिया खरोखर गरजेची असेल तर ती करावीच लागते. पण "पुढे कटकट नको" एवढ्याच कारणासाठी कोणी सुचवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे आणि बीजकोश ठेवता येतील का हे नक्की विचारावे. ज्यांचे आधीच काढले आहेत त्यांनी हाडांच्या तपासणीसाठी साठीची वाट पाहू नये.

ऊन भरपूर, तरी कमतरता

अन्नातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जाण्यासाठी 'ड' जीवनसत्त्व लागते, आणि ते मुख्यतः उन्हाने कातडीत तयार होते. अकोला-अमरावतीला उन्हाची काय वाण? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. तरीही रक्त तपासले की आपल्यापैकी अनेकांचे 'ड' कमी निघते. कारण साधे आहे. उन्हाळ्यात आपण दारे-खिडक्या लावून कूलरपुढे बसतो, आणि बाहेर पडलो तर डोक्यापासून हनुवटीपर्यंत दुपट्टा, हातात मोजे. उष्माघाताच्या भीतीने ते बरोबरच आहे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र या कामाचे नाही. ज्या किरणांनी 'ड' तयार होते ते काच अडवते.

मग ऊन घ्यायचे केव्हा? घड्याळापेक्षा सावली पाहावी. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्या उन्हात हे किरण पुरेसे असतात. आपल्या भागात मे महिन्यात सकाळी नऊच्या सुमारासच सावली तेवढी आखूड होते. तेव्हा नऊ-साडेनऊला दहा-पंधरा मिनिटे पुरे, आणि त्यानंतर सावलीत यावे. डिसेंबरात उलट. तेव्हा सूर्य इतका खालून जातो की बारा-सव्वाबाराला कुठे सावली जेमतेम आपल्याएवढी होते. म्हणून हिवाळ्यात भर दुपारी अर्धा तास अंगणात किंवा गच्चीवर बसावे, हात कोपरापर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत उघडे ठेवून. सकाळी सहाचे कोवळे ऊन मनाला छान, पण हाडांना त्याचा फारसा उपयोग नाही. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो.

पूर्वी उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया, पापड, शेवया, सांडगे घालायच्या निमित्ताने घरातल्या बायांना हे ऊन आपोआप मिळे. आता वाळवण दुकानातून येते. तक्रार नाही, फक्त त्याबरोबर काय गेले ते लक्षात असू द्यावे.

ताटात काय आहे

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात ते सुमारे १२० असते. म्हणजे नुसत्या चहातल्या दुधाने काम भागणार नाही. आपली ज्वारीची भाकर चांगलीच आहे, पण तिच्यात कॅल्शियम थोडे. भाकरीबरोबर काय खातो यावर सगळे अवलंबून आहे. शंभर ग्रॅम तिळात हजारांहून जास्त, नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. तिळाची चटणी, ताक, कढी, हरभऱ्याची आणि मेथीची भाजी, कधी शेवग्याचा पाला घातलेले वरण. यात महाग असे काहीच नाही. शेवगा तर कित्येकांच्या अंगणात आहे, आणि आपण शेंगा काढून पाला गुरांना टाकतो. मासे खाणाऱ्यांनी बाजारातली सुकट विसरू नये. ती काट्यासकट खाल्ली जाते, म्हणून कॅल्शियमला उत्तम. पण धुऊन, मीठ काढून. जास्त मिठामुळे लघवीतून कॅल्शियम वाहून जाते. लोणचे, पापड आणि ठेचा रोज तिन्ही एकाच ताटात असण्याची गरज नाही.

हाडाचा साचा प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यात भरले जाते. अकोल्याच्या डाळ मिलांतून तूरडाळ देशभर जाते आणि आपल्या घरातले वरण मात्र पाण्यासारखे पातळ! त्यातही घट्ट वाढप मुलांना आणि कर्त्या पुरुषाला, तळाचे पाणी बाईला. दुधाचेही तेच. ज्या घरात बाई शेवटी जेवते त्या घरात वीस वर्षांनी कोणाची पाठ वाकणार हे सांगायला ज्योतिषी नको.

प्रायश्चित्तकाळाविषयीही थोडे सांगायला हवे. काही वृद्ध माउली चाळीस दिवस दुपारपर्यंत चहावर राहतात. त्यांच्या भक्तीला नमस्कार. पण चर्चच्या नियमाप्रमाणे उपवासाचे बंधन वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होईपर्यंतच आहे, आणि तेही राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवसांचे. आजारी माणसाला तेही नाही. सत्तरीतल्या आजीने उपाशी राहण्याऐवजी दुसरा एखादा त्याग निवडावा. शंका असल्यास फादरांना विचारावे.

खेळाचे मैदान मुलींचेही

हाडाला धक्का आणि ताण लागतो, तरच ते घट्ट होते. उडी, धाव, ओझे उचलणे, स्नायूंची ओढ. पोहणे आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडांसाठी पायांवर उभे राहून केलेला व्यायाम जास्त कामाचा. या बाबतीत आपली अमरावती भाग्यवान आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी इथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला दाखवले. कबड्डी, खो-खो, लेझीम, मल्लखांब, दोरीवरच्या उड्या या सर्वांत हाडांना हवा तो धक्का आणि ओढ आहे, आणि खर्च जवळजवळ शून्य.

वयात येण्याच्या सुमारास जेमतेम दोन वर्षांत माणसाच्या हाडांचा सुमारे चौथा हिस्सा भरला जातो. मुलींच्या बाबतीत ही वर्षे साधारण बारा-तेराच्या आसपासची. आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलीला म्हणतो, "आता मोठी झालीस, खेळू नकोस." रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की मुलगे मैदानात चेंडू घेऊन धावतात आणि मुली भिंतीला टेकून आयांची वाट पाहत उभ्या राहतात. मैदान एवढे लहान नाही. अर्धे त्यांना द्यायला काय हरकत आहे?

मोठ्यांसाठी चालणे आहे. अमरावतीकरांना वडाळी तलाव, छत्री तलाव आणि बांबू गार्डन आहे. अकोल्यात नेहरू पार्क आहे. उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात जमेल तेव्हा, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. एकट्याने कंटाळा येतो, म्हणून शेजारणीला बरोबर घ्यावे. चालता-चालता रोजरी म्हणणाऱ्या दोघीतिघी आपल्या ओळखीच्या असतीलच, त्यांच्यात सामील व्हावे. चिखलदऱ्याला सहल गेली तर गाडीतूनच सगळे पॉइंट बघून परत येऊ नये. थोडे पायी फिरावे.

पायांत किती बळ उरले हे घरीच पाहता येते. खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन, पाच वेळा उभे राहावे आणि बसावे. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले, किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर मांड्यांचे स्नायू कमजोर आहेत आणि पडण्याचा धोका आहे. हीच उठबस रोज दहा वेळा केली की हळूहळू बळ येते. मिस्सेत गुडघे टेकणे हाही एक व्यायामच, पण ज्यांना जमत नाही त्यांनी बसून किंवा उभे राहून प्रार्थना करावी. आजारपणात ती मुभा आहे, संकोच नको.

औषधांचे थोडक्यात सांगतो. 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे. वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने घेतल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. कॅल्शियमची गोळी शक्यतो जेवणाबरोबर. लोहाची किंवा थायरॉइडची गोळी त्याच वेळी घेऊ नये. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड बराच काळ चालू असेल तर हाडांविषयी डॉक्टरांना विचारावे, पण ते एकदम बंद करू नये. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

घरातला घसरडा कोपरा

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे ही साधी गोष्ट नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचांतला एक वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. आणि ही माणसे बहुतेक घरातच पडतात. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर हे एक मोठे कारण. पाणी भरताना सांडते, टाकी गळते, गुळगुळीत फरशीवर थारोळे होते, शिवाय वायर आणि पाइप वाटेत. दुसरे, गच्चीवर झोपणे. रात्री लघवीला उठून अंधारात जिना उतरताना तोल जातो. साठीपुढच्यांनी खालीच झोपावे हे बरे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी अंथरुणावरून एकदम उठू नये, आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसावे. न्हाणीत खडबडीत फरशी आणि भिंतीला धरायला एक दांडी बसवावी. उशाशी टॉर्च असावा.

तरीही कोणी पडले, उठता येत नसेल आणि एक पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर खुबा मोडला असे समजावे. हाडवैद्याकडे नेऊन मालिश करू नये, ओढून पाय सरळ करू नये. फळीवर किंवा खाटेसकट उचलून दवाखान्यात न्यावे. शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत झालेली चांगली. त्यानंतर "तीन महिने हलू नका" हा नातेवाइकांचा सल्ला ऐकू नये. पडून राहिल्याने न्यूमोनिया होतो आणि पाठीला जखमा पडतात. डॉक्टर परवानगी देतील तर दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे राहायचे असते. घरी वॉकर किंवा काठी असेल तर तिच्या टोकाचे रबर आजच उलटून पाहा. झिजून गुळगुळीत झालेले असेल तर ते बदलून घ्या.