संगणकातील माहितीचे जतन : बाहेरच्या हार्ड डिस्कचा एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. अनुयायांनी आठवून आठवून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणून त्याचे निरनिराळे पाठ आज मिळतात. पहिल्या वर्षी हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ मला गेल्या वर्षी घरी कळला.

प्रकल्पासाठी मी आजीच्या जात्यावरच्या बेचाळीस ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. मोबाईलमध्ये जागा उरेना, म्हणून त्या घरच्या जुन्या संगणकावर उतरवल्या आणि मोबाईलमधून पुसून टाकल्या. पौषात आजी गेली. चैत्रात संगणकाची हार्ड डिस्क टकटक वाजू लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. अकरा ओव्या तेवढ्या वाचल्या, कारण त्या मी मैत्रिणीला ऐकायला पाठवल्या होत्या. उरलेल्या एकतीस आता आठवून सांगणारे घरात कोणी नाही.

संगणकाला नवी डिस्क बसवली आणि शिवाय दुसरी प्रत ठेवण्यासाठी बाहेरून जोडायची एक डिस्क घ्यावी असे ठरले. माझे मामा लग्नाचे फोटो काढतात. त्यांच्याकडून अशा दोन डिस्क चार दिवसांसाठी मागून आणल्या आणि तपासून पाहिल्या. त्यातून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे.

दोन जाती

पहिली जात फिरत्या तबकडीची. आयबीएम कंपनीने 1956 मध्ये अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात 50 मोठ्या तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे 50 लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये एक टीबी, म्हणजे त्याच्या दोन लाख पट माहिती राहते. दुसरी जात एसएसडी. तिच्यात फिरणारा भागच नाही. माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठते. ती महाग, पण वेगवान.

वेगाची परीक्षा

खोक्यावर 'सेकंदाला 5 गिगाबिट' असे छापलेले असते. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आधी त्या आकड्याला आठाने भागावे. 625 एमबी येतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळतात. त्याचप्रमाणे एक टीबीची डिस्क संगणकावर 931 जीबी दिसते. ती फसवणूक नव्हे; मोजण्याची पद्धत वेगळी आहे, एवढेच.

मी 20 जीबींचे लग्नाचे चित्रण दोन्ही डिस्कवर उतरवून घड्याळ लावले. जुन्या यूएसबी 2 पोर्टमधून दोन्हींना सुमारे दहा मिनिटे लागली. यूएसबी 3 पोर्टमधून तबकडीच्या डिस्कला तीन मिनिटे लागली. एसएसडीला किती लागावीत? तिलाही जवळजवळ तीनच! मी चकित झाले. मग लक्षात आले की, आमच्या संगणकाच्या आतली डिस्क तबकडीचीच आहे; ती जेवढ्या वेगाने वाचील तेवढ्याच वेगाने बाहेरची लिहिणार. एक बैल चपळ आणि दुसरा सुस्त असला, तर गाडी सुस्त बैलाच्या चालीनेच जाते. मामांच्या नव्या संगणकात आतही एसएसडी आहे. तेथे हेच काम मिनिटभरात झाले.

दुसरी चाचणी वीस हजार लहान फाईलींची. एकूण आकार अवघा दोन जीबी, पण तबकडीच्या डिस्कला अकरा मिनिटे लागली. प्रत्येक लहान फाईलसाठी तिची सुई जागा शोधत फिरते, हे त्याचे कारण.

वेगापलीकडचे गुण

तबकडीची डिस्क चालू असताना हातातून पडली तर सहसा वाचत नाही. एसएसडी पडझड सोसते. पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातील विद्युतभार ओसरून माहिती जाण्याचा संभव असतो. आमच्या पाथर्डीत वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. प्रत उतरत असताना वीज गेली, तर ती अर्धवट प्रत पूर्ण समजू नये. काम पुन्हा करावे.

डिस्क कायम जोडून ठेवणे हीही मोठी चूक होय. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाईली कुलूपबंद करून खंडणी मागितली. अशा वेळी जोडलेल्या डिस्कवरील प्रतही त्याच कुलपात जाते. म्हणून जाणकार 3-2-1 असा नियम सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. माझ्या अकरा ओव्या नकळत याच शेवटच्या नियमाने वाचल्या.

निष्कर्ष

वेग निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. जे काम तीन मिनिटांत होते ते माणूस दर आठवड्याला करतो. जे तासभर चालते ते उद्यावर ढकलतो. वेगाचा खरा उपयोग हा. परंतु आपला संगणक जुना असेल तर महागड्या एसएसडीवर पैसे घालण्यापेक्षा तबकडीची साधी डिस्क घ्यावी आणि उरलेल्या पैशांत एक पेन ड्राईव्ह घेऊन दुसऱ्याच्या घरी ठेवावा. आम्ही तेच केले. आणि अखेरची परीक्षा वेगाची नाही : प्रत दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिच्यातील फाईल उघडते की नाही ते पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत म्हणजे प्रत नव्हे.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, तुमचे प्रकल्प, घरच्यांचे फोटो, वडीलधाऱ्यांचे आवाज आज किती ठिकाणी आहेत, ते एकदा मोजा. उत्तर 'एक' असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ते काम करा. दर रविवारी मी पेन ड्राईव्हसह मैत्रिणीकडे जाते. तिच्या संगणकावर आम्ही एक ओवी लावून पाहतो. आजीचा आवाज येतो, आणि त्यामागे जात्याची घरघरही.